कच्च्या वाटेची सायकल

चष्मेवाल्यांनी उजवा पाय सायकलीवरून पलीकडे टाकला आणि ते तिथेच अडकले. एक पाय चवड्यावर टेकलेला, दुसरा अधांतरी, हँडल दोन्ही हातांत गच्च. धड बसता येईना, धड उतरता येईना. दुकानदार हातातला पाना टाकून धावला आणि त्याने त्यांना काखेत धरून अलगद जमिनीवर आणलं.

"ही जरा उंच पडतेय, साहेब."

"ती उंच नाही हो, मी बुटका आहे," चष्मेवाले म्हणाले आणि घाम पुसायला त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढल्यावर दुकानातल्या सगळ्या सायकली एकमेकींत मिसळून एकच लांबलचक सायकल झाली. त्यांना वाटलं, असंच दिसत राहिलं तर किती बरं. निवडायची भानगड नाही.

दुकानात येण्याची ही त्यांची तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला दुकानदाराने चाकांचे तीन आकार दाखवले आणि प्रत्येकाचे फायदे सांगितले. तोटे कुणाचेच सांगितले नाहीत. दुसऱ्या खेपेला गिअर झाले. पुढे तीन चकत्या असलेली सायकल चांगली, असं एका गिऱ्हाइकाने मध्येच तोंड घालून सांगितलं; एकच चकती असलेली कटकटीला कमी, असं दुसऱ्याने सांगितलं. ते दोघे आपापसांत हमरीतुमरीवर आले, तेव्हा चष्मेवाले हळूच बाहेर सटकले. आज दुकानदाराने ब्रेक काढले होते. तारेवर चालणारे आणि तेलावर चालणारे.

"मला स्वस्तातली हवी. पण टिकणारी," चष्मेवाले म्हणाले.

"ते सगळ्यांनाच हवं असतं. चालवणार कुठे?"

"टेकडीमागे कच्ची वाट आहे ना, तिकडे. कधीमधी."

"कधीमधी म्हणजे? दर रविवारी, की वर्षातून दोनदा? त्यावर सगळं आलं."

इथे चष्मेवाल्यांची गाडी प्रत्येक वेळी रुतायची. कारण कधीमधी म्हणजे किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं. ते जावयाच्या हातात होतं. आणि त्यांना आता जावई म्हणावं की नाही, हेसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी लेक आणि जावई वेगळे झाले. भांडण नाही, आरडाओरडा नाही, तिसरं माणूस नाही. "आमचं जमत नाही," असं दोघांनीही एकाच सुरात सांगितलं, एकत्र पाठ केल्यासारखं. पुढे कोणी अवाक्षर काढलं नाही. सह्या झाल्या, लेकीने दोन गल्ल्या सोडून भाड्याची जागा घेतली आणि रविवारी दुपारी ती एकटीच जेवायला येऊ लागली. चष्मेवाले आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरून "हे स्पष्ट दिसतं की हे?" असं विचारत आले होते, पण घरातली ही गोष्ट कुठल्याही भिंगातून त्यांना धूसरच दिसायची. विचारायची सोय नव्हती. लेकीला विचारलं की ती ताटं उचलायला लागे.

आणि मग एके दिवशी फोन आला.

"मी बोलतोय," जावई म्हणाले. पूर्वी ते "बाबा, मी बोलतोय" म्हणत. मधला शब्द गळला होता.

"हां, बोला... बोल... काय म्हणणं आहे?" चष्मेवाल्यांची जीभ अडखळली. तुम्ही म्हणावं तर जावयाचा मान दिल्यासारखं, तू म्हणावं तर तेवढी सलगी कधीच नव्हती. म्हणून ते 'कसं चाललंय', 'कधी येणं झालं' अशा बिनमाणसाच्या वाक्यांवर तरंगत राहिले.

"टेकडीमागे सायकल घेऊन जातो मी, कधीमधी. वाटलं, विचारावं. याल का?"

"येईन की!" चष्मेवाले म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडे सायकल नाही.

बायकोने ऐकलं आणि हातातली सुरी खाली ठेवली.

"नातं तुटलं आणि तुम्ही सायकल घेताय?"

"अगं, सायकलीचा आणि नात्याचा काय संबंध?"

"तेच विचारतेय मी."

 माणूस आवडत होता, एवढंच चष्मेवाल्यांना सांगता आलं असतं. पूर्वी ते आणि जावई रविवारी जेवणाच्या टेबलावर एक जुना रेडिओ खोलून बसत. तो कधी वाजला नाही, पण खोलण्यात दुपार छान जाई. लेकीचा संसार मोडला, तेव्हा आपलंही काहीतरी मोडलं, हे बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती. आणि नंतरही ती वेळ आली नाही.

"मग, तारेचे की तेलाचे?" दुकानदाराने विचारलं.

"थांबा जरा," असं म्हणून चष्मेवाले एका निळ्या सायकलीजवळ गेले. तिला पुढे स्प्रिंग होती आणि मागेही. दिसायला मोठी ऐटबाज. किंमतही बाकीच्या सायकलींएवढीच. दोन स्प्रिंगा म्हणजे दुप्पट आराम, असा साधा हिशेब त्यांनी मनाशी मांडला आणि सीटवर हात ठेवून म्हणाले, "हीच द्या."

"ती नको, बाबा."

चष्मेवाल्यांनी चोरी पकडल्यासारखा हात मागे घेतला. दारात लेक उभी होती. औषधांच्या दुकानातला पांढरा कोट तिच्या अंगावर तसाच होता.

"आईने सांगितलं," ती म्हणाली.

"मी आपला नुसता बघत होतो."

"बघा की. पण ही नको. या किमतीत मागची स्प्रिंग म्हणजे नुसतं ओझं. चढावर तुमचा जोर सगळा तीच खाईल." तिने ती सायकल मागच्या चाकाशी उचलली आणि धप्पकन सोडली. मग दुकानदाराकडे वळून म्हणाली, "पुढे स्प्रिंग, मागे काही नको. लहान फ्रेम दाखवा. ब्रेक तारेचे चालतील, पण डिस्क हवेत. आणि टायर जरा रुंद."

दुकानदार निमूटपणे आत गेला. तीन खेपांत त्याला इतकं नेमकं कोणी बोललेलं नव्हतं.

"तुला गं काय माहीत यातलं?"

"जात होते ना मी," लेक म्हणाली. "दर रविवारी."

 लग्नानंतर रविवारी सकाळी लेकीचा फोन लागायचा नाही, तेव्हा बायको म्हणायची, झोपू दे पोरीला. त्यांना वाटायचं, झोपलीच असेल.

दुकानदाराने करड्या रंगाची एक सायकल आणली. लेकीने वडिलांना मध्ये उभं केलं, दोन्ही पाय टेकतात का पाहिलं, सीट खाली केली, हँडल धरायला लावलं. ती हे सगळं मान खाली घालून करत होती. सीटचा नट आवळता आवळता ती म्हणाली, "वाट तशी सोपी आहे. फक्त शेवटी एक दगडांचा उतार लागतो. तिथे उतरायचं. उतरून उतरायचं."

"बरं."

"तो नाही उतरणार. तो बसूनच जातो. तुम्ही त्याच्यामागे जाऊ नका."

"ते थांबतील की माझ्यासाठी," चष्मेवाले म्हणाले. त्यांच्या तोंडून 'ते' असंच गेलं.

लेकीने नट आणखी एकदा आवळला. तो आवळलेलाच होता.

"तो वळून बघत नाही, बाबा. वाईट नाहीये तो. त्याला वाटतं, मागचं माणूस येतंच आहे."

एवढं बोलून तिने टायर अंगठ्याने दाबून पाहिला, दुकानदाराकडून हवा भरून घेतली आणि कामावर परत गेली. चष्मेवाल्यांनी पैसे दिले. घरी येताना ते सायकलीवर बसले नाहीत. ती हातात धरून चालत आले.

पुढच्या रविवारी टेकडीच्या पायथ्याशी जावई आधीच येऊन उभे होते. जरा वाळले होते. त्यांनी आधी सायकलीकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांकडे.

"नेमकी घेतलीत."

"घेतली खरी."

कोणी निवडली, ते जावयांनी विचारलं नाही आणि चष्मेवाल्यांनी सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. सांगावं की सांगू नये, याचा विचार करेपर्यंत जावई पेडल मारू लागले होते.

वाट झुडपांमधून वर चढत होती. आज विचारूनच टाकायचं, असं चष्मेवाले घरून ठरवून आले होते. काय झालं तुमच्यात? एवढा एकच प्रश्न. पण प्रश्न विचारायला दम लागतो आणि त्यांचा सगळा दम पेडलांत चालला होता. चढ संपला की विचारू, असं ते म्हणत आणि चढ संपला की लगेच उतार लागे, तिथे जीव मुठीत धरावा लागे. एका लहानशा उतारावर त्यांनी घाबरून दिसेल तो ब्रेक दाबला. मागचं चाक उचललं गेलं.

"बाबा, पुढचा ब्रेक नको!" जावई ओरडले.

सायकल कशीबशी थांबली. दोघेही धापा टाकत उभे राहिले. 'बाबा' म्हटल्याचं दोघांच्याही लक्षात आलं होतं. जावयांनी बाटली पुढे केली, चष्मेवाले पाणी प्यायले. ओरडताना जावई मागे वळून बघत होते, हे मात्र त्यांच्या फार उशिरा ध्यानात आलं.

दगडांचा उतार आला, तेव्हा चष्मेवाले बरेच मागे पडले होते. वळणावरून पुढे आले तर जावई उताराच्या तोंडाशी सायकलीवरून उतरून उभे. तोंड मागच्या वाटेकडे.

"इथे उतरून जाऊ या," जावई म्हणाले.

"पण तुम्ही तर बसून जाता ना?" चष्मेवाल्यांच्या तोंडून निसटलं.

जावयांनी त्यांच्याकडे पाहिलं. हे यांना कोणी सांगितलं असेल, ते कळायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी हातमोजा काढला, उलटा केला, परत घातला.

"हल्ली उतरतो," ते म्हणाले. "एकटा असलो तरी."

मग दोघे सायकली हातात धरून दगडांवरून जपून खाली आले. जावई पुढे, चष्मेवाले मागे. दर चार पावलांनी जावई थांबत आणि वळून बघत. चष्मेवाल्यांना वाटलं, आता विचारायची गरज राहिली नाही. आणि लगेच वाटलं, कळलं ते नेमकं काय? बरं झालं म्हणायचं की वाईट? खाली पोचल्यावर त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

घरी आले तेव्हा लेक आलेली होती. बायको स्वयंपाकघरात होती. चष्मेवाले अंगणात बादली घेऊन चाकांचा चिखल धुवायला बसले. लेक उंबऱ्यात येऊन टेकली.

"ब्रेक कसे आहेत?"

"चांगले आहेत. पुढचा जरा तापट आहे."

"सांगायचं राहिलं मला." ती थोडा वेळ चाकातून गळणारं पाणी बघत राहिली. "उतारावर?"

"उतरून चाललो. तू सांगितलंस तसं."

"आणि तो?"

चष्मेवाल्यांनी फडकं पिळलं. खोटं बोलावं, असं त्यांना क्षणभर वाटलं. तो गेला पुढे निघून, असं सांगितलं तर हिला बरं वाटेल का? की खरं सांगितलं तर बरं वाटेल? दोन्हीकडून ताडून पाहिलं, तरी काही दिसेना. शेवटी त्यांनी जे होतं ते सांगितलं.

"तोही चालला. थांबून, बघत बघत."

 लेकीने केस वर बांधले, ओढणी काढून दाराच्या कडीला अडकवली, सायकलीची सीट वर ओढून आवळली.

"एक चक्कर मारून येते."

"अगं, जेवायला वाढतेय ना आई—"

ती फाटकाबाहेर गेली होती.

बायको बाहेर आली, रिकामी बादली आणि रिकामे हात बघून म्हणाली, "काय बोललात तुम्ही तिला?"

"खरं तेच बोललो."

"सगळ्यांना खरं बोलायला रविवारच सापडतो," असं म्हणून बायको आत गेली आणि तिने वाढलेल्या ताटांवर झाकणं ठेवली.

अन्न निवलं. चष्मेवाले दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. तिसऱ्यांदा निघणार, तोच लेक कोपऱ्यावरून वळून आली. धुतलेली चाकं पुन्हा चिखलाने माखली होती. तिचं एक कोपर खरचटलं होतं आणि चेहरा लाल झाला होता.

"कुठवर गेली होतीस?"

"टेकडीमागे."

"एकटी? त्या उतारावर?" चष्मेवाल्यांचा आवाज चढला. मग खाली आला. "उतरलीस ना?"

"उतरले," लेक म्हणाली. "न उतरता."

तिने सायकल भिंतीला लावली. चष्मेवाल्यांना रागवायचं होतं, पण राग जमेना. शाबासकी द्यायची होती, तीही कुठून सुरू करावी ते समजेना. लेकीने नळाखाली कोपर धरलं, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि ओल्या चेहऱ्यानेच आत जात हाक मारली, "आई, मला आधी वाढ गं. खूप भूक लागलीय."