मठारलेला हंडा

तांबटाच्या घरात तांब्याचा पत्रा उघडा टाकून जाऊ नये. हर्षाली जन्मली तांबटाच्या घरात, पण ही साधी अक्कल तिला यायला सदतिसावं वर्ष उजाडावं लागलं.

शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून तिने स्वतःला एक वर्ष दिलं होतं. सातपूरला अब्बासभाईंच्या लग्नपत्रिका छापायच्या गाळ्यात, एका कोपऱ्यात तिचा हाताने फिरवायचा प्रेस होता. तांब्याच्या प्लेटवर रेषा कोरायच्या, तिच्यावरून मोजक्याच प्रती काढायच्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने क्रमांक आणि सही करायची, आणि मग ती प्लेट कायमची बाद करायची, असं तिचं काम. वर्षभर फक्त नकार आले. आता कुठे पुण्याच्या एका प्रदर्शनाने तिचं हंड्याचं चित्र घ्यायचं ठरवलं होतं; प्रती शुक्रवारपर्यंत पोचायला हव्या होत्या. हेही हुकलं तर जूनपासून पुन्हा फळा आणि खडू, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

काळ्या शाईत दहा प्रती झकास उतरल्या होत्या. घोडं अडलं होतं फॉइलपाशी. हंड्याच्या आकारात कापलेल्या त्याच प्लेटवर रोलरने चिकट थर फिरवायचा, तो काळ्या हंड्यावर उमटवायचा, वर तांबूस फॉइल दाबायचं आणि सोलायचं. जिथे चिकट, तिथे चमक. दोन प्रतींवर करून पाहिलं, तर हंडा नुसता गुळगुळीत चकाकायला लागला.

"फस्क्लास, ताई!" अब्बासभाई चष्मा वर करून म्हणाले. "फक्त खाली टाका, आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं."

हर्षाली हसली, पण मनातून खचली. दोन प्रती वाया गेल्या होत्या. तिने प्लेट पुसून घरी आणली, मोरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागद आणायला बाहेर पडली.

दुपारी परतताना गल्लीतच तिला हातोडीचा आवाज आला. ती आधी सुखावलीच. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केल्यापासून तिच्या वडिलांनी, अण्णांनी, हातोडीला हात लावला नव्हता. जेवायचे, पेपर वाचायचे, भिंतीकडे बघत बसायचे. मग एकदम तिला कट्ट्यावरची प्लेट आठवली आणि ती धावली.

अण्णा ओट्यावर मांडी घालून बसले होते. समोर प्लेट होती, लखलखीत, आणि तिच्यावर हातोडीचे सारखे, गोल ठोके, एकाला एक लागून.

"अण्णा! हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? आकार बरा कापलास, पण अंगभर ओरखडे. चिंचेनं घासले तरी जाईनात, मग म्हटलं मठारून टाकू. आता दाखव बरं एक तरी ओरखडा!"

"ते ओरखडे नव्हते, अण्णा. ते माझं चित्र होतं. चार महिन्यांचं."

अण्णांनी हातोडी हळूच खाली ठेवली. "मला काय ठाऊक? तू कधी सांगितलंस?"

हे मात्र खरं होतं. "कागदाचा हंडा पाणी धरतो का?" असं ते एकदा म्हणाले, तेव्हापासून तिने त्यांच्यापाशी कामाचा विषयच काढला नव्हता. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. त्या दिवशी दोघं धड जेवले नाहीत.

सकाळी अण्णा कोट घालून दारात उभे. "चल. काय करतेस ते दाखव."

गाळ्यात अब्बासभाईंनी त्यांना स्टूल दिलं. हर्षालीला काडीची आशा नव्हती. पण दुसरी प्लेट करायला वेळही नव्हता. तिने मठारलेल्या प्लेटवर रोलर फिरवला. चिकट थर उंचवट्यांवरच बसला, खळगे कोरडे राहिले. ती प्लेट काळ्या हंड्यावर टेकवणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांब. तांबं ठोकलं की पसरतं. हा पत्रा आता सूतभर मोठा झालाय. मध्य धर, म्हणजे चारी बाजूंनी सारखा बाहेर येईल."

तिने मध्य धरला. प्रेस फिरवला, फॉइल दाबलं, सोललं.

हंड्याच्या अंगावर ठोकेच ठोके उमटले होते. खळग्यांतून काळी शाई दिसत होती, उंचवट्यांवर तांबं चमकत होतं, आणि काठावर ते सूतभर बाहेर सांडलं होतं, उन्हात ठेवलेल्या भांड्याला दिसतं तसं. कागद हलवला की चमकही हले. हर्षालीला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही. अब्बासभाईंना मामाचं लग्न आठवलं नाही.

दहाच्या आठ उरल्या होत्या, तर आठच. प्लेट बाद करायचं काम अण्णांनी आधीच उरकलं होतं.

प्रती वाळल्यावर तिने पहिलीवर क्रमांक घातला, सही केली आणि पेन्सिल अण्णांपुढे धरली.

अण्णांनी पन्नास वर्षं भांड्यांवर छिन्नीने ठिपके ठोकून नावं घातली होती. मामाकडून भाचीला. कुणाच्या तरी स्मरणार्थ. त्र्यंबकेश्वरच्या धर्मशाळेस सप्रेम भेट. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव. घडवणाऱ्याचं नाव घालायची रीतच नव्हती, आणि अण्णांनाही ते कधी खटकलं नव्हतं.

त्यांनी पेन्सिल छिन्नीसारखी उभी धरली, कागदावर वाकले आणि सवयीने विचारलं, "बोल, कुणाचं नाव घालायचं?"

"नाथा तांबट," हर्षाली म्हणाली.

अण्णांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मशीनच्या आवाजात आपण नीट ऐकलं नसावं, असं त्यांना वाटलं. अब्बासभाईंनी मशीन बंद केलं. हर्षालीने नाव पुन्हा सांगितलं.

मग अण्णांनी एकेक ठिपका देत, आठही प्रतींवर, स्वतःचं नाव घातलं.