मारबतीच्या सकाळी घेतलेली नावं

आमच्या ओसरीच्या भिंतीवर पाच फोटो होते. माझे मालक, मुखरू मास्तर, यांनी तालुक्याच्या गावाहून, जिवतीहून, छापून आणून ओळीनं लावलेले. पाचही जण एस्पेरांतो बोलणारे, नाहीतर तिची बाजू घेणारे. साऱ्या जगाला आपसात बोलता यावं म्हणून झामेनहोफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरानं ही भाषा बनवली. मास्तर नोकरीत असताना ती पोस्टानं शिकले. भिंतीवर तो डॉक्टर होता. त्याची मुलगी लिडिया होती, तिला हिटलरच्या लोकांनी छावणीत मारलं. ऑस्ट्रियाचे राष्ट्रपती योनास, नोबेल मिळालेले जर्मनीचे झेल्टेन, आणि शेवटी आपले विनोबा.

मास्तरांना देवाधर्माचं वावडं. माझ्या हातून मात्र मेलेल्या माणसाचा फोटो नुसता ठेवला जात नाही. ज्याची पुण्यतिथी असेल त्याला कुंकू, फूल, दिवा.

"झेल्टेनबाबाले कुंकू लावतेस तं खरी," मास्तर म्हणायचे, "लाजून मरल तो पुन्हा."

गेल्या वर्षी झेल्टेनची पुण्यतिथी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. अमावस्या अजून उतरली नव्हती. आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाची फांदी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सारं गाव 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणत ती शिवेबाहेर नेऊन टाकतं. त्या सकाळी गाव आधीच भ्यालेलं होतं. शेजारच्या वारलूचा एक बैल पोळ्याच्या तोरणातून घरी आला आणि तोंडाला फेस येऊन मेला. दुसरा तेव्हापासून बसलेलाच होता.

लोक आमच्या दारावरून चालले आणि वारलूची नजर ओसरीत गेली. फोटोपुढे दिवा, आणि मास्तर फोटोखालचं परक्या भाषेतलं वाक्य मोठ्यानं वाचत होते. वारलू थांबला. त्याच्यामागचे थांबले.

"अमावसेले मुर्द्याईपुढं मंतर म्हणून राह्यला हा," वारलू म्हणाला. "माहा बैल यानंच खाल्ला."

"बैलानं काय खाल्लं ते पाह्य ना बाबू," मास्तर म्हणाले. "ढोरांच्या डॉक्टरले फोन लाव. नंबर देतो मी."

पहिली काठी त्यांच्या खांद्यावर बसली. नंतरच्या मोजता आल्या नाहीत. केसांना धरून त्यांना चौकात ओढत नेलं आणि विजेच्या खांबाला बैलाच्या नव्या कासऱ्यानं बांधलं. मागून वारलूचा बांधशेजारी सुकलू फोटो घेऊन आला आणि त्यानं ते दगडावर फोडले. लिडियाच्या काचेवर कोणीतरी बूट घासला. मास्तरांचा डावा हात कोपराखाली मोडला. तो आवाज मला ओल्या फांदीसारखा ऐकू आला.

"करणी उतरव," वारलू म्हणत होता. "दुसरा बैल मराच्या आंधी उतरव."

"काई केलंच नाई तं उतरवू काय? अबे, तुले पाढे शिकवले मी."

"तेच म्हणतो. आमी तुह्यापाशी शिकलो अन् तुनंच आमच्यावर टाकलं."

मास्तरांच्या नाकातोंडातून रक्त येत होतं. मी गर्दीत घुसले. "दिवा मी लावला," मी म्हटलं. "कुंकूही मीच लावलं. यायले सोडा. पुण्यतिथी होती, बाकी काई नाई."

खरं बोलले, तर सुटतील असं मला वाटलं. तीच माझी चूक. वारलूनं वळून माझ्या तोंडावर काठी मारली. दोन दात जिभेवर आले. बायका बघत होत्या. त्यातल्या दोघी-तिघी माझ्याकडे हरतालिकेची कथा ऐकायला येत. एकीनं माझा पदर ओढून मला खांबाकडे ढकललं.

"बुडीच करते भानामती," ती म्हणाली. "हिले पेटवा आंधी."

कोणीतरी मोटारसायकलमधून पेट्रोल काढायला गेलं. तेव्हा मास्तर ओरडले.

"मी केलं. तिले काई येत नाई. मी टाकलं, मीच उतरवतो."

 चाळीस वर्षं भुताखेतांविरुद्ध शिकवणारा माणूस मान वर करून मंत्रासारखी नावं घेऊ लागला. झामेनहोफ, लिडिया, योनास, झेल्टेन, विनोबा. पुन्हा पहिल्यापासून. मधे रक्त थुंकायचे. किती वेळ झाला कोण जाणे, वारलूच्या घराकडून आरोळी आली की बैल उठला.

त्यांनी आम्हाला सोडलं. पळसाच्या फांद्या उचलून सगळे शिवेकडे निघून गेले.

दुपारी पोलीस आले, तेव्हा गावात कोणी काही पाहिलं नव्हतं. चंद्रपूरच्या दवाखान्यात मास्तरांच्या हातात लोखंडी पट्टी बसवली. पोलीस साहेब दोनदा येऊन गेले, पण मास्तर एक शब्द बोलले नाहीत. काय सांगणार होते? स्वतःच्या तोंडानं गावापुढे कबूल झाले होते.

आठव्या दिवशी सुकलू दवाखान्यात आला. पिशवीत नारळ आणि लिंबू. खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसला.

"गुरुजी, माहं चुकलंच," तो म्हणाला. "पण वारलू आता माह्या बांधावर चढून राह्यला. काल कुऱ्हाड घेऊन आलता. तुमच्यापाशी इद्या हाये. त्याच्यावर टाका ना."

मी रोज देवापुढे बसणारी बाई. खोटं कशाला लिहू? त्या घडीला मला वाटलं, असती विद्या तर बरं झालं असतं. वारलू तोंडाला फेस येऊन पडलेला मला दिसलासुद्धा.

"मंतर नाई लागत, सुकलू," मी म्हटलं. जीभ दातांच्या खड्ड्यात अडखळत होती. "पोलिसाले सांग, कोणी मारलं ते."

"मी सांगू? गावात राहू देतीन काय मले?"

"मंग आमी कुठी राहू?"

 तो नारळ तिथंच ठेवून उठला.

"ते घेऊन जाय," मास्तर म्हणाले. आठ दिवसांतले पहिले शब्द. आवाज ओळखू येत नव्हता. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "साहेबाले बोलाव. कोणी मारलं ते सांगतो. अन् मी तिथी खोटं बोललो, हे बी लिहून घ्याले लावतो. नाईतर उद्या हे लोक त्याच पाच नावानं दुसऱ्याले बांधतीन."

सुकलू दारातच उभा होता. "माहं नाव बी सांगाल काय, गुरुजी?"

"हो," मास्तर म्हणाले.