तात्यांची जीभ आणि आण्याची आमटी

आमच्या तात्यांना साधं काही होतच नाही. सत्त्याण्णव साली मानेत गाठ आली, तीही लिम्फोमाच्या कुठल्याशा दुर्मिळ जातीची. केमोने तो कॅन्सर गेला. सात वर्षांनी दिवाळीत परतला, तो थेट जिभेत.

“इथे हा सहसा येत नाही,” पुण्याचे डॉक्टर म्हणाले. “रेडिएशनची लाइट घेतली की बरा होईल. चव मात्र जाईल, काही महिने तरी.”

“मग यात्रा झाल्यावर घिऊ,” म्हणत तात्या उठलेच.

आमच्या आणे गावच्या यात्रेत हजारो माणसं आमटी-भाकरी जेवतात. त्या आमटीच्या कढईपाशी वीस वर्षं आमचे तात्या, म्हणजे धर्माजी, मसाल्याचा अंदाज देत उभे असतात. यात्रा पौषात. तोवर थांबलं तर दुखणं हाताबाहेर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी येऊन मी भांडले, रडले, अबोला धरला. तात्या ढिम्म. असा संताप आला होता मला!

“चव नसल्याला माणूस कढईपाशी काय कामाचा?” एवढंच त्यांचं पालुपद.

आई भाकरी थापत होती. तिचा आवाज कधी चढत नाही.

“निवद दावायच्या आधी आमटी चाखत न्हाईत ना?”

“न्हाईच चाखत.”

“मग जीभ कशाला लागती? का चाखत व्हता तुमी वीस वर्सं, देवाच्या आधी?”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं.

“पुण्याची गाडी किती वाजता हाय?” ते म्हणाले.

सकाळी एसटीच्या आधी ते देवळात गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा नाकाच्या शेंड्याला धूळ होती. आईने पदराने पुसली. 

यात्रेपर्यंत लाइट संपली, जिभेतली गाठ विरली. तोंड इतकं सोललं होतं की तात्यांना फक्त दूधभात चालायचा. तरी दिवसभर वाफेत नाक घालून ते कढईपाशी उभे राहिले. पंगत बसली तेव्हा मात्र आईसमोर येऊन उकिडवे बसले. तिने भाकरी कुस्करली, घास घेतला. तात्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

“कशी झालीया?”

“लई झ्याक. मीठ जरा कमी हाय,” आई म्हणाली. “पुढल्या वर्सी ध्यानात ठिवा.”

पुढल्या वर्षाचं नाव आमच्या घरात दिवाळीपासून कुणी काढलं नव्हतं. माझा घास तोंडातच राहिला.

“ठिवतो की,” तात्या म्हणाले, आणि तिला आणखी आमटी वाढायला उठले.