विटालियाचा वाटा

आमच्या स्मिर्ना शहरात आम्हा ख्रिस्ती लोकांचा वल्हांडणाचा सण तिथीने होतो. चंद्राची चौदावी आली की दिवसभर उपवास, आणि दिवेलागणीला भाकर मोडून द्राक्षारसाचा पेला फिरवायचा आणि प्रभूची सगळी हकिकत सांगायची: तो कसा धरला गेला, कसा मेला, कसा उठला. मग वार कुठलाही असो. माझ्या आजीला हे ज्यांनी शिकवलं, त्यांना प्रत्यक्ष प्रभूबरोबर हिंडलेल्या माणसांनी शिकवलं होतं. त्यामुळे यात काही चुकत असेल असं माझ्या कधी मनातही आलं नाही.

माझी सून विटालिया रोमची. तिथे वार बघतात. चौदावी केव्हाही येवो, ते त्यानंतरचा शुक्रवार-शनिवार उपवास धरतात आणि रविवारी पहाटे सोडतात, कारण कबर रिकामी सापडली ती रविवारी.

तिच्या लग्नानंतरची पहिली चौदावी गुरुवारी आली.

आदल्या दिवशी रंगाच्या शेडमध्ये माझ्याकडे शिकणारी मुलं जमली होती. मी लोकर रंगवणारा माणूस. आता काम मुलगा बघतो आणि मी वस्तीतल्या पोरांना प्रार्थना शिकवतो. थंड पडलेल्या कढईच्या काठावर नऊ जण ओळीने बसतात आणि घरी जाताना प्रत्येकाचा पार्श्वभाग लाल झालेला असतो.

"भाकर मोडली की पहिला वाटा कोणाचा?" मी विचारलं.

"जो आला नाही त्याचा!" सगळे ओरडले.

"कोण येत नाही?"

"आजारी!" "तुरुंगातला!" "मालकाने सोडलं नाही तो!"

"आणि वाटा पोचवतो कोण?"

"ओनेसासकाका!" ओनेसास आमच्या मंडळीचा सेवक. फडक्यात बांधलेला वाटा घेऊन तो गावभर फिरतो.

एवढ्यात मेलितिने नावाची सात वर्षांची पोर उभी राहिली. "आजोबा, विटालियावहिनी म्हणते ती रविवारी सोडणार. मग प्रभू दोनदा मेला का?"

"एकदाच."

"मग बरोबर कोण?"

"आपण."

"म्हणजे ती चूक?"

मी दाढी खाजवली. "तिला शिकवणारेही खोटे नव्हते, बाळ. आपण उद्या बघू."

"आम्हाला येत नसलं की आम्हीपण उद्या बघू म्हणतो," मेलितिने म्हणाली आणि खाली बसली.

गुरुवारी विटालियाने आमच्याबरोबर उपवास धरला. दुपारी चुलीपाशी माझी बायको आफिया आणि ती, दोघी पीठ मळत होत्या.

"रोमचा चंद्र जरा आळशीच दिसतो," आफिया म्हणाली. "तीन दिवस उशिरा उगवतो."

"चंद्र एकच आहे हो आई. आम्ही फक्त त्याच्यावर विसंबून बसत नाही."

"आणि धरलेला उपवास नीट सोडायचा नाही, हे कोणी शिकवलं?"

"उपवासाच्या आधीच पारणं, हे तरी कोणी शिकवलं? माझा खरा उपवास उद्या सुरू होतो."

आफिया हसली. तेवढ्यात ओनेसास पेले मोजायला आला आणि त्याने ते ऐकलं. तो मला अंगणात घेऊन गेला.

"त्रोफिमोसदादा, स्पष्ट सांगतो. आज जो आपल्या भाकरीला नाही म्हणेल, तो आपला नाही. सगळ्या मंडळीसमोर तुमचीच सून हात मागे घेणार? मग उद्या जो तो आपापला दिवस ठरवेल. तिने घेतलं नाही, तर तिला यापुढे आपल्यात बसवता येणार नाही."

विटालिया दारात येऊन उभी होती. हाताला पीठ तसंच. या शहरात आमची मंडळी सोडली तर तिचं कोणी नव्हतं. नवराही त्या आठवड्यात माल घेऊन पेर्गामला गेलेला.

"मामंजी, भाकर तुम्ही मोडता," ती म्हणाली. "तुम्ही घे म्हणालात तर घेईन. पण माझी आई तिकडे रविवारपर्यंत उपाशी असणार. निघताना आमचं एवढंच ठरलं होतं, की या दिवसांत दोघी बरोबर असू."

आता सगळं माझ्यावर येऊन पडलं. घे म्हणालो तर ती आईपासून तुटते, नको म्हणालो तर आमच्यापासून. पण खरं सांगतो, मी घाबरलो नाही. ज्या भाकरीने आम्हाला एकत्र आणलं, तिच्यावरूनच एखादीला बाहेर काढायचं असेल, तर आमच्या समजण्यात कुठेतरी खोट होती. भाकरीत नव्हती. आणि खोट काढायची वाट मी कालच मुलांकडून वदवून घेतली होती.

संध्याकाळी चाळीसएक माणसं जमली. मी आभार मानले, भाकर मोडली आणि न आलेल्यांचे वाटे बाजूला काढू लागलो. "म्हातारी थियोडोते, ताप. दोघे गोदीतले, मालकाने सोडलं नाही. विटालिया."

ओनेसासचा हात थांबला. "वाटा न आलेल्याचा असतो, दादा. ही तर समोर उभी आहे!"

"उभी आहे, पण पोचलेली नाही. आपला सण आज पोचला, तिचा रविवारी पोचेल. वाटेत असलेल्या माणसाचा वाटा ठेवायचा नाही, असं तुला कोणी सांगितलं?"

"ती वाटेत नाही, चुलीपाशी आहे!"

"गेल्या वर्षी शिक्षा म्हणून खाणीत पाठवलेल्या आपल्या माणसाला तू दोन दिवस चालून वाटा पोचवलास. हिच्यासाठी चारच पावलं आहेत. पाय कमी दुखतील."

मागच्या बाकावरून मेलितिने ओरडली, "पोचवा ना काका, ती थांबलीय!"

लोक हसले. ओनेसास हसला नाही. पण त्याने फडकं बांधलं, चार पावलं चालला आणि तापाने पडलेल्याच्या खाटेशी जावं तशा गांभीर्याने ते तिच्यापुढे धरलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं आणि लाकडी डबीत ठेवलं.

पुढचे दोन दिवस आफियाने घरात मासे तळले नाहीत. तेल संपलंय म्हणाली. बुधला गळ्यापर्यंत भरलेला मी स्वतः पाहिला.

रविवारी उजाडता उजाडता, कामाला जाण्याआधी, नेहमीप्रमाणे सगळे जमले. गाणं झाल्यावर विटालियाने डबी उघडली. चेहरा उतरलेला, पण डोळे टवटवीत. तिने तुकडा मोडायला घेतला.

"मोडतच नाही!" मेलितिने नाक पुढे करून बघत होती.

विटालियाने तो पेल्यात बुडवला, थोडा स्वतः खाल्ला आणि उरलेल्याचे नखाएवढे तुकडे करून वाटायला लागली. आफियाला, मला, मुलांना. शेवटी दाराशी उभ्या असलेल्या ओनेसासपुढे गेली.

"मी गुरुवारीच सोडलाय," तो म्हणाला.

"मीही गुरुवारी तुमच्याबरोबर उपाशी होते ना, ओनेसासभाऊ?"

 मग तुकडा उचलून त्याने तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत बसला.

"दगड झालाय नुसता," तो अखेर म्हणाला. "पुढच्या वर्षी मी ओल्या फडक्यात बांधून देईन."