तीस पावलांवरून

तिने वडिलांचं रिमोटवर उडणारं पिवळं विमान बाहेर काढलं आणि गाडीची डिकी इतक्या जोरात आपटली, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला सेक्रेटरी वळून बघायला लागला. बघू दे. त्याला ऐकू जावं म्हणूनच आपटली होती.

"हळू," वडील म्हणाले. "गाडीने काय घोडं मारलंय तुझं?"

गाडीने काहीच केलं नव्हतं. केलं होतं ते क्लबच्या ह्या सेक्रेटरीने. परवा त्याच्या सहीचं पत्र घरी आलं. वडिलांच्या विमानाचा सिग्नल भरवशाचा नाही, ते दोनदा ताब्यातून सुटलं, दुसऱ्यांदा तर हद्दीबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांपासून चार हातांवर कोसळलं. सबब रेंजची चाचणी होईपर्यंत उड्डाण बंद. पत्र वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, ज्याला हे अख्खं मैदान 'रेडिओकाका' म्हणतं, त्याच्या जोडणीवर संशय! आणि घेणारा कोण, तर ज्याचा हात धरून ह्यांनीच पहिलं विमान उडवायला शिकवलं, तो.

दुकान लेकीच्या हाती दिल्यापासून रविवारची सकाळ एवढीच एक गोष्ट वडिलांची स्वतःची उरली होती. ती गेली तर ते दिवसभर खिडकीशी बसून राहतील, आणि तेही कुणावर न ओरडता. ती कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

पत्र आल्या दिवशी दुकान बंद करून तिने रिसीव्हर स्वतः तपासला होता. विमानाच्या पोटातली ही काडेपेटीएवढी डबी जमिनीवरच्या माणसाचा हुकूम झेलते आणि शेपटीपर्यंत पोचवते. अँटेना नवी होती, बॅटरीपासून लांब बसवलेली होती, सगळे सांधे पक्के होते. बिघाड औषधालासुद्धा सापडला नाही. डबीवर एक हिरवा दिवा होता. सिग्नल मिळत असला की तो एकसारखा जळायचा. मध्ये क्षणभर जरी तुटला, तरी लुकलुकायला लागायचा आणि बंद करेपर्यंत लुकलुकतच राहायचा. त्यामुळे काही लपवायची सोय नव्हती, आणि वडिलांना तो आवडायचा तो म्हणूनच.

लपवालपवीचा त्यांना पहिल्यापासून तिटकारा होता. ती पंधरा वर्षांची असताना तिच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या रेडिओची तार तुटली. ओशाळून तिने "आतला भाग जळालाय" असं ठोकून दिलं. वडील त्याच संध्याकाळी त्या गिऱ्हाइकाच्या घरी चालत गेले आणि खरं सांगून आले. नंतर चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाले, "बिघाड जिथे असेल तिथेच सांगायचा."

सेक्रेटरी जवळ आला तेव्हा त्याने टोपी काढून हातात धरली होती. नियम आहे, आपला नाइलाज आहे, असं काहीतरी तो पुटपुटला.

"नियम तुम्हाला शिकवले कुणी?" तिने विचारलं.

त्याने खाली बघितलं. मनात खोट आहे म्हणून बघवत नाही, असं तिने ठरवून टाकलं.

चाचणीची रीत ठरलेली होती. हुकूम सोडणाऱ्या हातातल्या ट्रान्समीटरचं मागचं बटण दाबून धरलं की त्याची ताकद मुद्दाम कमी होते. तशा अवस्थेत तीस पावलांवरून विमानाने हुकूम ऐकला, तर आभाळातही तो ऐकेल असं समजायचं. एकाने ट्रान्समीटर घेऊन चालत जायचं, दुसऱ्याने विमान धरून शेपटीवर नजर ठेवायची. सुकाणू हललं की हात वर करायचा. नाही हललं तर हात खालीच.

वडील ताठ मानेने निघाले. डाव्या हाताच्या बोटाने बटण दाबलेलं, उजवा अंगठा सुकाणू फिरवायच्या काडीवर. सेक्रेटरी साक्षीदार म्हणून त्यांच्या शेजारून चालला होता. ती विमान धरून गवतात गुडघ्यावर बसली.

दहा पावलं. सुकाणू डावीकडे, उजवीकडे. तिने हात उंच केला, सेक्रेटरीच्या नाकावर टिच्चून. वीस पावलं. पुन्हा हात. तीस पावलांवर वडील वळले आणि ओरडले, "उजवीकडे!"

सुकाणू हललं नाही.

तिने दिव्याकडे पाहिलं. तो हिरवागार, एकसारखा जळत होता. मग उशिराने सुकाणूला एक हिसका बसला. "डावीकडे!" वडील ओरडले. तिने मनात चार आकडे मोजले. सुकाणू जागेवरच होतं आणि दिवा जराही लुकलुकला नव्हता.

सिग्नल पोचत होता. हुकूमच निघत नव्हता.

तिने मान वर केली. वडील विमानाकडे बघत होते, तिचा हात वर जाण्याची वाट बघत. सेक्रेटरी विमानाकडे बघतच नव्हता. तो त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर ना आश्चर्य होतं, ना कुणाला पकडल्याचा आनंद. त्याला हे कधीपासून माहीत होतं कोण जाणे. मग तिला ते पत्र आठवलं. त्यात सिग्नल होता, रेंज होती. हाताबद्दल एक अवाक्षर नव्हतं.

आता एवढा राग न्यायचा कुठे? तो तिच्यावरच उलटला. ती आणि वडील एकाच घरात राहत होते. दोन महिने वडील चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते आणि तिने ते म्हातारपणाचं खूळ म्हणून सोडून दिलं होतं. आज सकाळीच, शर्टाची बटणं लावायला इतका वेळ का लागतो म्हणून ती त्यांच्यावर खेकसली होती.

"हात का वर करत नाहीस?" वडील ओरडले. "हललं ना?"

"नाही, बाबा. सिग्नल तुटतोय. रिसीव्हर गेलाय."

"अशक्य!"

ते तरातरा चालत आले. वाकले. दिवा पाहिला आणि बराच वेळ पाहतच राहिले. मग काडीवरचा अंगठा उचलून त्यांनी तो तर्जनीवर घासून पाहिला, एकदा, दोनदा. मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे तिला ओळखीचे वाटले. तिने पंधराव्या वर्षी पाहिलेले डोळे. आता ओरडतील, असं तिला वाटलं. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

सेक्रेटरी धापा टाकत पोचला. "काय झालं, काका?"

वडिलांनी उजवा तळवा दिव्यावर ठेवला. सेक्रेटरीला तो दिसू नये असा. आणि डाव्या हाताने चाचपडत विमानाचं बटण बंद केलं.

"रिसीव्हर गेला," ते म्हणाले. "जुना होता. असला आता मिळत नाही."

"वाटलंच मला," सेक्रेटरी म्हणाला आणि टोपी डोक्यावर घालून दुसरीकडे बघायला लागला.

वडिलांनी ट्रान्समीटर तिच्या हातात दिला. त्यांचा आवाज रागाने घोगरा झाला होता.

"विमान ठेव गाडीत. आणि डिकी हळू लाव."

तिने इतकी हळू लावली, की ती लागलीच नाही.