करडी सतरा किलोमीटर

सांगतो, पण तुमचा विश्वास बसायचा नाही. सदुसष्ट वर्षांचा हा श्रावण करडीपर्यंत धावत गेला. सतरा किलोमीटर. वाटेत एसटी मागं टाकली ते वेगळंच.

राखीच्या चक्कीवर दळणाचे डबे घेऊन बसलेल्या सगळ्यांना मी हे पहिल्यापासून सांगितलं.

बायको, गोदावरी, गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. लेक गुड्डी करडीला दिलेली. तिला भेटावंसं फार वाटे. पण सण नाही, कार्य नाही, आणि बाप नुसताच दारात उभा राहिला तर तिची सासू काय समजेल? म्हातारा एकटा पडला, आता इथंच मुक्काम ठोकतो की काय. मग मला युक्ती सुचली. धावणारा माणूस कुठंही पोहोचतो. तहान लागली म्हणून थांबलो, एवढं सांगितलं की झालं.

पहिल्या दिवशी विजेचा एक खांब धावलो आणि तलावाच्या पाळीवर बसून राहिलो. बगळा येऊन गुडघ्यावर टेकला. त्याला मी लाकूडच वाटलो. मग एक खांब धावायचा, दोन चालायचे. महिन्याभरानं सलग दहा खांब. रविवारी थोडं लांब, सोमवारी आराम.

शाळेतले मनिष मास्तर म्हणाले, बोलता येईल इतक्याच वेगानं धावा, दम पुरतो. आता बोलायचं कोणाशी? पहाटे धानाच्या बांध्यांत माणूस नसतो. खांबांशीच बोललो. भाजी कशाची केली, गुडघा कसा आहे. पाच किलोमीटरच्या पुढं खांब उत्तरं देऊ लागले. आठव्या किलोमीटरच्या खांबानं मलाच विचारलं, जेवला का. तसं विचारणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

नऊ महिने लागले. मागल्या रविवारी निघालो. इथं दळणाला बसलेला मंगरू मधेच म्हणाला, एसटी पंक्चर असन. मी म्हटलं, सहाही चाकं शाबूत होती, डायव्हरनं हात जोडले. करडीला पोहोचलो तेव्हा सदरा पिळला असता तर बादली भरली असती. गुड्डी दारातच होती. सासूनं स्वतः खाट टाकली. पोहे झाले, चहा झाला, वर जेवून जायचा आग्रह. निघताना गुड्डी म्हणाली, "बाबा, धावत कायले? असेच येत जा ना."

मंगरूनं डबा खाली ठेवला.

राखी गुड्डीची शाळेपासूनची मैत्रीण, याच गावात दिलेली. तिनं चक्की बंद केली आणि हातावरचं पीठ झटकलं.

"धावत गेले असान, ते पटते मले," ती म्हणाली. "पण पोहे-चहा खोटं आहे, काका. रविवारी गुड्डी घरच्या साऱ्यांसोबत जवाहरनगरले होती, नणंदेकडं बारशाले. तिथूनच फोन होता तिचा मले. घराले कुलूप होतं."