काट्यावरचा आकडा ऑफिसात येईना

"तूच कायतरी केलंयस," नानासो म्हणाले. "काल कॉम्प्युटरात नवं लिनक्स घातलंस, आज बिनतारी मेलं."

एवढं खरं होतं. साखर कारखान्याच्या गेटजवळच्या काट्यावर उसाच्या गाडीचं वजन झालं, की आकडा बिनतारी कार्डावरून आमच्या ऑफिसातल्या पडद्यावर उमटायचा. आज पडदा कोरा. वजनं चिठ्ठीवर येत होती, आणि चिठ्ठी वाटेत बदलते हे शेतकऱ्यांनी धरूनच ठेवलेलं. कुंडलचे लालासाहेब, फौजेतून रिटायर होऊन ऊस लावणारे, सरळ माझ्या मागं खुर्ची टाकून बसले. "बाईचा हात बघतो जरा."

"संध्याकाळपर्यंत चाललं न्हाई तर उद्या येऊ नकोस," नानासोंनी त्यांच्यादेखत सांगितलं. हेडक्लार्कच ते. टेबलाखाली दुपट्यावर माझी पिंकी झोपली होती, मूठ तोंडात.

कारण मला कळलं होतं. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, जुन्या लिनक्ससाठी बांधलेला, नवं त्याला घरात घेईना. तो नव्यानं बांधायचा तर मूळ प्रोग्राम कपाटातल्या एकुलत्या फ्लॉपीवर. घातली. खर्र, खर्र. वाचेना.

"बघा! खंडेनवमीला सगळ्यांनी यंत्रं पुजली, ही लांब उभी. मशीन रुसनार न्हाई तर काय!" नानासो म्हणाले.

आम्ही बौद्ध, पूजा करत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवलं. आत लालभडक.

"आवं नानासो, हे काय?" मी विचारलं.

"कुंकू. पूजेला मांडली हुती की मी."

"पोटात घातलं व्हय!" लालासाहेब म्हणाले.

मी फ्लॉपी उकलली. आतली चकती दुपट्याच्या ओल्या टोकानं पुसली, पिंकीचा कान पुसते तेवढ्याच हलक्या हातानं. वाळवून दुसऱ्या फ्लॉपीच्या खोळीत घातली. या वेळी वाचली. ड्रायव्हर बांधला, चढवला. पडद्यावर आकडा आला.

लालासाहेबांनी आकडा तळहातावर लिहिला आणि चालत काट्यावर जाऊन स्वतः ताडून आले.

"जुळतंय," ते नाराजीनंच म्हणाले. मग नानासोंकडं वळले. "उद्या हितं हीच बाई पायजे. दुसरं कोन बसलं तर वजन मानायचो न्हाई."

"एवढा इस्वास बसला?"

"इस्वास कुठला? हिचा हात मी दिवसभर बघितलाय. तुमचा न्हाई बघितला."